तीन ओळींची तसवीर

सुट्टी जवळ आली की शिक्षकांच्या खोलीत एकच प्रश्न फिरतो, "यंदा कुठे?" कोणी काश्मीर सांगते, कोणी महाबळेश्वर, एखादी नशीबवान बाई उमऱ्याची तयारी सांगते. माझ्याकडे सांगण्यासारखे बहुतेक वर्षी काही नसते. मी जोगेश्वरीला राहते आणि घाटकोपरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सकाळी जोगेश्वरी ते अंधेरी लोकल, अंधेरी ते घाटकोपर मेट्रो, आणि दुपारनंतर तेच उलटे. रविवारी कधी मुलुंडला नणंदेकडे, ईदला नालासोपाऱ्याला खालाकडे. एवढाच माझा मुलूख. पण गेल्या चार वर्षांत या मुलखाने माझी एक शंभर पानी वही भरली आहे आणि दुसरी अर्ध्यावर आली आहे. प्रत्येक पानावर तीन ओळी, आणि जिथे जमले तिथे शेजारी फोनवर काढलेले एक छायाचित्र चिकटवलेले.

या ओळींना हायकू म्हणतात. नाव जपानी असले तरी मराठी वाचकाला ते नवे नाही. आचार्य अत्रे यांच्या कन्या शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी हा प्रकार मराठीत रुजवला. शांता शेळके यांनी केलेले जपानी हायकूंचे अनुवाद 'पाण्यावरच्या पाकळ्या' या पुस्तकात आहेत. मूळ जपानीत पाच, सात, पाच अशी ध्वनींची मोजणी असते, ऋतू सुचवणारा एखादा शब्द असतो आणि मध्ये कुठेतरी एक थांबा असतो. मराठीत ती मोजणी फारशी कोणी पाळत नाही. तीनपैकी दोन ओळींचे यमक मात्र बहुतेक जण जुळवतात. मीही जुळवते.

उर्दू कानावर पडलेल्या घरांत हे परके वाटण्याचे कारण नाही. गझलेतला प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा असतो, दोन ओळींत त्याचा सगळा व्यवहार आटोपतो. गुलजार यांनी तर 'त्रिवेणी' नावाचा तीन ओळींचाच प्रकार काढला. तिथे तिसरी ओळ येते आणि पहिल्या दोन ओळींचा अर्थ वेगळाच दिसू लागतो. पण शेराला दाद हवी असते. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ दोनदा म्हणतो, लोकांना ताटकळत ठेवतो आणि मग दुसरी सोडतो. हायकू वाचून कोणी 'मुकर्रर' म्हणत नाही. वाचणारा जरा वेळ गप्प बसला, तर हायकू जमला असे समजावे.

हायकूचे सर्वांत मोठे नाव बाशो. १६८९ साली हा माणूस एदो, म्हणजे आजच्या टोकियोतून एका शिष्यासह उत्तरेकडे निघाला आणि पाच महिने बहुतांश पायी फिरला. प्रवासवर्णन आणि हायकू एकत्र गुंफलेले त्याचे पुस्तक जगभर वाचले जाते. मला मात्र बाशोपेक्षा मासाओका शिकी जवळचे वाटतात. 'हायकू' हे नाव रूढ केले ते त्यांनीच. पाठीच्या कण्याच्या क्षयाने ते शेवटची वर्षे अंथरुणाला खिळून होते. अंथरुणातून दिसणारी बाग, वेलीवरचे दोडके, येणारे-जाणारे लोक, एवढाच त्यांचा प्रवास. १९०२ साली, पस्तिशीही गाठण्याआधी ते गेले. पाश्चात्त्य चित्रकारांकडून त्यांनी एक गोष्ट उचलली होती : समोर आहे ते, आहे तसे टिपा, मनातली शोभा त्यात घालू नका. आज कॅमेऱ्याविषयी बोलताना आपण हेच म्हणतो. घरातून फार बाहेर न पडणाऱ्या माझ्या ज्या बहिणी हे वाचत असतील, त्यांनी शिकींना लक्षात ठेवावे. स्वयंपाकघराची खिडकी पुरेशी आहे.

आता माझ्या खिडकीविषयी. मेट्रो येण्याआधी अंधेरीहून घाटकोपरला यायचे तर ३४० नंबरची बस होती, आणि साकीनाक्याच्या कोंडीत वह्यांचा एक गठ्ठा तपासून होई. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. बसमधून जे शहर पोटऱ्यांच्या उंचीवरून दिसायचे, ते आता गच्चीच्या उंचीवरून दिसू लागले. पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, कबुतरांची खुराडी, कुठे सतरंजीवर अभ्यास करणारा मुलगा. विमाने या भागात इतकी खाली उतरलेली असतात, की त्यांची सावली घरांवरून सरकताना दिसते. उन्हाळ्यातल्या एका पानावर हे आहे :

गच्चीवर पापड —
विमानाच्या सावलीची
क्षणभर झापड

याचे छायाचित्र माझ्याकडे नाही. फोन पर्समधून काढेपर्यंत गच्चीही गेली आणि विमानही. तीन ओळींचा हा पहिला फायदा. त्या काढायला उशीर झाला तरी चालते.

दुसरा फायदा मला असल्फ्याने शिकवला. जागृतीनगरच्या अलीकडे असल्फा स्थानक लागते. तिथली टेकडीवरची दाट वस्ती २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून रंगवली. गुलाबी, पिवळ्या, निळ्या, पोपटी भिंती. मेट्रोतून ते दृश्य दिसताच प्रवासी फोन उचलू लागले. वर्तमानपत्रांनी इटलीतल्या समुद्रकाठच्या गावाशी तुलना केली. मग मोठमोठ्या लेन्स गळ्यात अडकवून लोक थेट गल्लीत येऊ लागले. रंग सुंदर होते, हे मी नाकारत नाही. उदास भिंतीपेक्षा रंगीत भिंत केव्हाही बरी, आणि मुलांना तर तो उत्सवच वाटला.

आमच्या शाळेतली नववीतली एक मुलगी त्या टेकडीवर राहायची. एकदा निबंधाच्या तासाला ती म्हणाली, "मिस, आमचं घर इन्स्टाग्रामवर आहे." वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही. "अम्मी दारात बसून भांडी घासत होती. ओढणी खांद्यावर होती. तसाच फोटो आहे. मामूंनी दाखवला तेव्हा अम्मी रडली." फोटो कोणी काढला, कुठला माणूस, काही पत्ता नाही. त्याला तो बहुधा फार आवडला असेल. गुलाबी भिंत, स्टीलची चमकती भांडी, कामात असलेली बाई. प्रदर्शनात लागला असता तर आपणही थांबून पाहिला असता.

दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घ्यावी, घरच्यांना सलाम करावा, हे सूरह नूरमध्ये (आयत २७) स्पष्ट सांगितले आहे. लहानपणी मदरशात आपण सगळे ते शिकलो. मला वाटते, लेन्सला हा आदेश जास्तच लागू पडावा. पाय उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो, लेन्स आतल्या मोरीपर्यंत पोहोचते. आणि वीतभर खोलीत जिथे सहा माणसे राहतात, तिथे दार बंद करून बसता येत नाही. गल्ली हाच त्यांचा दिवाणखाना असतो. 'रस्त्यावर होत्या, म्हणून काढला' हे उत्तर तिथे देता येत नाही.

त्या दिवसापासून मी टेकडीचा फोटो खिडकीतून, दुरूनच काढते. जवळचे जे दिसते त्याला तीन ओळी पुरतात :

असल्फाची टेकडी —
एका गुलाबी भिंतीवर
ओली गोधडी

यात घर आहे, बाई आहे, रात्री अंथरूण ओले करणारे लहान मूलसुद्धा आहे. पण कोणाचा चेहरा नाही, कोणाचे दार नाही. त्या मुलीला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मिस, आमची गोधडी पण वाळते तिथे. पण ही आमचीच, असं कोणाला कळणार नाही." कवितेची याहून चांगली समीक्षा मी बी.एड.च्या पुस्तकांतही वाचलेली नाही.

लेडीज डब्याचेही तसेच. मुंबईतल्या बाईचा दिवसातला बराच खासगी वेळ, सांगायला विचित्र वाटेल, पण शंभर परक्या बायकांत जातो. तिथे ती तोंड उघडे टाकून झोपते. नकाबाची पिन सोडून मानेला वारा देते. घरी रडता येत नाही म्हणून तिथे रडते. केसांना तेल लावते, तसबीह ओढते, भाजी निवडते. इथे फोटो काढणे म्हणजे विश्वासघात. पण टिपण्यासारखे इतके असते, की डोळे मिटून घेणेही जमत नाही. संध्याकाळी मुलुंडहून परत येताना सेंट्रलच्या गाडीत दिसले ते असे :

गाडी घाटकोपरात —
निवडलेली मेथी
आणि हिरवे हात

समोरच्या बाईंनी विचारले, "काय लिहिता ताई, हिशेब?" मी वही पुढे केली. त्यांनी वाचले, स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि मेथीच्या देठांची पिशवी घेऊन उतरून गेल्या. आवडले की नाही, कळले नाही.

छायाचित्राचा विषय निघाला की आपल्या घरांत 'तसवीर जायज की नाजायज' हा प्रश्नही निघतोच. मी आलिमा नाही, निकाल देणार नाही. एवढे ठाऊक आहे की यावर उलमांमध्ये शंभर वर्षे मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, कॅमेरा नवे काही घडवत नाही, आरशासारखी सावली धरून ठेवतो, या विचाराने त्याला मुभा दिली. आपल्या उपखंडातल्या अनेक बुजुर्गांनी मात्र कडक भूमिका घेतली. माझी नानी या दुसऱ्या बाजूची. लग्नाच्या मांडवात कॅमेरावाला दिसला की ती भटारखान्याकडे निघून जायची. हजच्या पासपोर्टसाठी नाइलाजाने काढलेला एकच फोटो तिचा आहे. त्यात डोळे वटारलेली कोणी तिसरीच बाई बसली आहे. मामूंच्या मुलांनी नानीला पाहिलेले नाही. तो फोटो पाहून ती म्हणतात, "दादी रागीट होती का?" ती अजिबात रागीट नव्हती. म्हणून एका रात्री मी वहीत लिहिले :

फजरचं पाणी —
कोपरावरून थेंब थेंब
जागी होते नानी

मुलांना हे पाठ आहे. नानीने यावर हरकत घेतली असती असे मला वाटत नाही. ती स्वतः दखनी पहेल्या रचायची आणि उत्तर सांगायला दोन-दोन दिवस लावायची.

वर्गात हायकू शिकवायला घेतला तेव्हा अडचण वेगळीच निघाली. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीची धास्ती असते. निबंध म्हटला की पाठ केलेली वाक्ये येतात, 'माणूस हा समाजशील प्राणी आहे' पासून सुरुवात. तीन ओळींना ती घाबरली नाहीत. पण तिसरी ओळ आली की प्रत्येकाला उपदेश सुचायचा. चिमणी आली, दाणा टिपला, 'म्हणून आपण पाणी ठेवावे'. दुसऱ्या टोकाला उर्दू शायरीचा वारसा : चाँद, तनहाई, टूटा दिल. आठवीतल्या पोराचे दिल कुठे तुटले, देव जाणे. शेवटी मी म्हटले, जी गोष्ट बोट लावून दाखवता येईल तेवढीच लिहायची. 'दुःख'ला बोट लावता येते का? नाही. मग खोडा. पावसाळ्याच्या तोंडावर, पार्कसाइटच्या चाळीत राहणाऱ्या एका मुलाने हे आणून दिले आणि मी ते फळ्यावर आठवडाभर पुसू दिले नाही :

आभाळ कोरडं —
ताडपत्रीच्या टोकावर
बसवलंय पोरटं

मे संपताना डोंगरउताराच्या वस्त्यांत छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढतात. बांधून होईपर्यंत वाऱ्याने उडू नये म्हणून घरातल्या सर्वांत हलक्या माणसाला कोपऱ्यावर बसवतात. तो हलका माणूस म्हणजे हा मुलगाच. जपानी कवींची ऋतुसूचक शब्दांची मोठी यादी असते. उपनगरातल्या मुंबईची यादी कोणी केली तर निळी ताडपत्री तिच्यात वर असावी. त्यानंतर सोनमोहराचा पिवळा सडा, स्टेशनच्या पुलावर अचानक उगवणारे छत्रीवाले, जानेवारीत पतंगाच्या मांजाने कापलेली बोटे.

मुलांना घेऊन एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला गेलो. काळ्या कातळात कोरलेली शंभरावर बौद्ध लेणी, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशी पावसाचे पाणी साठवणारे टाके. दगडातून कोरलेल्या पन्हळी ते पाणी टाक्यात कसे आणून सोडतात, हे पाहण्यात आमचा भूगोलाचा एक धडा झाला. इथे फोटो मनसोक्त काढले. दगडाला हया नसते. फोनवाल्यांना मी चार गोष्टी सांगितल्या. लेन्स आधी ओढणीने पुसा, पिठाचे आणि तेलाचे बोट लागलेले असते. झूम करू नका, चार पावले पुढे जा. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतरचे ऊन घ्या, भर दुपारी सगळे चपटे दिसते. मेट्रोत असाल तर फोन काचेला टेकवा, म्हणजे तुमचेच प्रतिबिंब येणार नाही. त्या दिवसाचा सर्वांत चांगला फोटो कोणालाच मिळाला नाही, कारण माकड पळाले. ओळी सहावीतल्या एका मुलाने पकडल्या :

कान्हेरीचं टाकं —
पाणी पिणाऱ्या माकडाला
दोन नाकं

मुलुंडच्या बाजूला फजिती उलटी होते. हिवाळ्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात आणि मेपर्यंत राहतात. २०१५ पासून तिथे त्यांचे अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. नणंदेच्या मुलाला घेऊन मी ऐरोली पुलाच्या बाजूला गेले. शेजारी हातभर लांबीच्या लेन्स लावून मंडळी बसलेली. ओहोटीच्या चिखलात हजारो पक्षी चोच उलटी करून चरत होते, आणि आमच्या दहा हजारांच्या फोनात ते असे आले :

मुलाच्या फोनात
खाडीभर फ्लेमिंगो —
ठिपके सहा-सात

पोरगे हिरमुसले. मी वही दिली, त्याने ठिपके काढून त्यांना पाय लावले. बुसोन नावाचा अठराव्या शतकातला जपानी हायकूकार उत्तम चित्रकारही होता आणि तो एकाच कागदावर चित्र आणि ओळी एकत्र मांडायचा. नणंदेच्या मुलाचा कागद तिच्या फ्रिजवर आहे.

ऋतुसूचक शब्दांवरून एक आठवले. रमजान कुठल्या ऋतूचा? जपानी यादीत त्याला जागाच देता येणार नाही, कारण दरवर्षी तो सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या जागी येतो. माझा पहिला रोजा ज्या हवेत झाला, हिवाळा सरतानाच्या, आंब्याला मोहर असतानाच्या, त्याच हवेत आता मी माझ्या धाकट्या लेकीला सहरीला उठवते. बाशो पाच महिने चालला. आपला हा महिना तेहतीस वर्षे चालत असतो.

अशाच एका रमजानच्या संध्याकाळी आम्ही खालाकडे इफ्तारला निघालो आणि गाडी चुकत चुकत उशीर झाला. बोरिवली गेली, दहिसर गेले, भाईंदरच्या पुलावर येताना डाव्या खिडकीत सूर्य खाडीला टेकला. कोणाच्या तरी फोनवर अजान वाजली. दाराजवळच्या एका मुलीने पर्समधून प्लास्टिकचा डबा काढला, दुआ करून एक खजूर तोंडात टाकली आणि डबा पुढे सरकवला. रोजा असलेल्यांनी घेतली, नसलेल्यांनीही घेतली. मंगळसूत्रवाल्या एका आजींनी दोन घेतल्या, एक नातवासाठी पदराला बांधून. खिडकीबाहेरचे आभाळ असे होते की लेकीने फोन उचलला. तिने काचेला टेकवून खाडी काढली, आतले काही काढले नाही. ते मी लिहिले :

सूर्य गेला खाडीत —
खजुराचा डबा फिरतो
धावत्या गाडीत

नायगाव येईपर्यंत डबा फिरून त्या मुलीकडे परत आला. तळाशी अजून दोन खजूर होत्या.